न फुटण्याची विद्या



शाळेच्या हीरक महोत्सवात विमानातून टाकल्या जाणाऱ्या बॉम्बची रचना हा विषय निवडावा, हे प्रथमदर्शनी औचित्याला सोडून वाटेल. पण या गावाला तो परका नाही. भिलाई-३ च्या स्थानकावरून पश्चिमेकडे निघालेला लोहमार्ग दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, भंडारा रोड, नागपूर, वर्धा, पुलगाव, भुसावळ अशी गावे ओलांडत मुंबईला पोचतो. या एका मार्गाच्या आसपास भंडाऱ्याजवळ स्फोटके बनवणारा कारखाना आहे, पुलगावला सैन्याचे दारूगोळ्याचे मोठे भांडार आहे, भुसावळला आयुध निर्माणी आहे. मार्गाच्या पश्चिम टोकाला मुंबईची गोदी आहे. तिथे १९४४ साली जे घडले, त्याकडे या व्याख्यानात पुढे वळायचे आहे. आणि पूर्वेकडे भिलाई आहे, म्हणजे पोलाद आहे. पोलादाशिवाय बॉम्ब होत नाही.

बॉम्ब म्हटला की स्फोट डोळ्यांपुढे येतो. परंतु ज्यांनी ही शस्त्रे घडवली त्यांच्या कामाचा मोठा भाग स्फोट होऊ न देण्यात खर्च झाला आहे. कारखान्यात भरताना, आगगाडीत, जहाजात, भांडारात, विमानाच्या पोटात, अशा हजार ठिकाणी शांत पडून राहायचे आणि एकाच ठिकाणी, एकाच क्षणी फुटायचे, ही बॉम्बकडून अपेक्षा असते. फुटण्याची विद्या माणसाने लवकर हस्तगत केली. न फुटण्याची विद्या अवघड निघाली, आणि तिची फी फार मोठी भरावी लागली. ती कथा क्रमाने पाहू.

विमानातून शत्रूवर बॉम्ब टाकण्याची पहिली नोंद १ नोव्हेंबर १९११ ची आहे. इटली आणि तुर्कस्तान यांच्यातील युद्धात जूलिओ गावोत्ती या इटालियन लेफ्टनंटने लिबियातील ऐन झारा परिसरात हातबॉम्बएवढे चार छोटे गोळे विमानातून हाताने खाली टाकले. एका हाताने विमान सांभाळायचे आणि दुसऱ्या हाताने गोळा सिद्ध करून फेकायचा, अशी ती कसरत होती. त्या हल्ल्यात फारसे नुकसान झाले नाही. पण आकाशातून जमिनीवर मृत्यू टाकता येतो, हे जगाला समजले. गावोत्तीपुढे त्या दिवशी जे प्रश्न उभे होते, तेच पुढे बॉम्बच्या रचनेचे मुख्य प्रश्न ठरले. गोळा सरळ कसा पडेल? पडून परिणाम कसा करील? आणि हातात असताना फुटणार नाही, हे कसे साधायचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या पदार्थविज्ञानात आहे. विमानातून सोडलेला बॉम्ब सरळ खाली पडत नाही. विमानाचा वेग त्याच्या अंगी असतो, त्यामुळे तो पुढेही जातो आणि खालीही येतो. त्याचा मार्ग वक्र होतो. हवेचा अडथळा हिशेबात घेतला नाही तर ४,४१० मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू ३० सेकंदांत जमिनीवर येते. विमान सेकंदाला १०० मीटर वेगाने जात असेल तर तेवढ्या वेळात बॉम्ब ३ किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे लक्ष्य पायाखाली येण्याची वाट पाहणाऱ्याचा बॉम्ब लक्ष्याच्या कितीतरी पुढे पडणार. तो ३ किलोमीटर आधी सोडायला हवा. शिवाय हवेचा अडथळा आहे, वारा आहे, ढग आहेत, रात्र आहे, आणि खालून तोफांचा मारा चालू आहे.

वाटेत बॉम्ब कोलांट्या खाऊ लागला तर सारे गणितच फसते. म्हणून त्याला बाणासारखी शेपटी देतात. बाणाचे वजन टोकाकडे असते आणि पिसे मागे असतात. बाण वाकडा होऊ लागला की मागच्या पिसांवर हवेचा दाब येऊन तो पुन्हा सरळ होतो. बॉम्बच्या मागची पत्र्याची पाती हेच काम करतात. एकलव्याच्या काळापासून माणसाला ठाऊक असलेली युक्ती विमानयुगात अशी पुन्हा कामी आली.

दुसरा प्रश्न परिणामाचा. येथे पोलाद आणि स्फोटक यांच्यात वाटणीचा वाद सुरू होतो. ठरलेल्या वजनाच्या बॉम्बमध्ये कवच जाड केले तर आत स्फोटक कमी मावते. स्फोटक वाढवावे तर कवच पातळ करावे लागते. जाड कवचाचा बॉम्ब काँक्रीट किंवा चिलखती पत्रा फोडून आत शिरतो आणि फुटल्यावर त्याच्या किरचा दूरवर उडतात. पातळ कवचाचा बॉम्ब आत शिरत नाही, पण त्याच्या स्फोटातून निघणारी दाबाची लाट घरांच्या रांगा पाडते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश हवाई दलाच्या सर्वसाधारण बॉम्बमध्ये स्फोटकाचा वाटा एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. पुढे तो निम्म्यावर नेण्यात आला; आणि शहरांवर टाकण्यासाठी बनवलेल्या ४,००० पौंडी पातळ कवचाच्या बॉम्बमध्ये तो तीन चतुर्थांशांच्या आसपास गेला.

हा बदल केवळ कारखान्यातला नव्हता. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारपुढे एक अहवाल आला. विमानातून घेतलेली छायाचित्रे तपासून त्यात असे दाखवले होते, की लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद करणाऱ्या विमानांपैकी तीनात एकच विमान लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचत होते. कारखान्यावर बॉम्ब टाकणे जमत नाही म्हटल्यावर कारखान्याभोवतीचे शहर हेच लक्ष्य ठरवण्यात आले, आणि त्या धोरणाला साजेसे बॉम्ब तयार झाले. जर्मनीने लंडन आणि इतर ब्रिटिश शहरांवर केलेल्या हल्ल्यांत सुमारे ४० हजार नागरिक मरण पावले होते. १९४३ च्या जुलैअखेरीस एकट्या हँबर्ग शहरात काही रात्रींत जवळपास तितकीच माणसे दगावली. भारतालाही या शस्त्राचा स्पर्श झाला. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्यावर हल्ले सुरू झाले, आणि ५ डिसेंबर १९४३ रोजी भरदिवसा खिदिरपूरच्या गोदीवर बॉम्ब पडले. दुर्ग जिल्हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, आणि कलकत्त्याहून येणारी बंगाल नागपूर रेल्वे याच जिल्ह्यातून जात होती.

येथे एका अभियंत्याची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिचा शेवट एका शाळेत होतो. बार्न्स वॉलिस हा ब्रिटिश विमानरचनाकार. शहरे जाळण्यापेक्षा शत्रूच्या उद्योगाचे मूळ, म्हणजे पाणी आणि वीज, तोडावी असा त्याचा विचार होता. जर्मनीतील धरणांपुढे पाण्याखाली जाळी लावलेली असल्याने पाणतीर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. लहानपणी तळ्याच्या पाण्यावर चपट्या दगडाने भाकऱ्या कोणी केल्या नाहीत? वॉलिसने तोच खेळ गंभीरपणे घेतला. घराच्या अंगणात पाण्याने भरलेल्या टबावर त्याने मुलांच्या गोट्या उडवून पाहिल्या, आणि त्यातून पाण्यावर टप्पे घेत जाणारा, उलट्या गतीने फिरवून सोडलेला बॉम्ब जन्माला आला. १६ आणि १७ मे १९४३ च्या मधल्या रात्री १९ विमाने निघाली आणि म्योने व एडर ही दोन धरणे फुटली. पण १३३ वैमानिकांपैकी ५३ मरण पावले, आणि पुरात सुमारे १,३०० माणसे बुडाली. त्यांत जर्मनांनी वेठीला धरून आणलेले परदेशी मजूर, विशेषतः स्त्रिया, मोठ्या संख्येने होत्या.

वॉलिसने पुढे १२,००० पौंडी टॉलबॉय आणि २२,००० पौंडी ग्रँड स्लॅम हे बॉम्ब रचले. त्यांची कवचे पोलादाची आणि अणकुचीदार होती. शेपटीची पाती किंचित तिरपी बसवल्यामुळे पडताना ते भोवऱ्यासारखे फिरत आणि सरळ राहत. जमिनीत खोल घुसून ते फुटत आणि वरची इमारत पायापासून हलवत. १४ मार्च १९४५ रोजी बीलेफेल्डजवळचा रेल्वेपूल ग्रँड स्लॅमने पाडला. त्याच्यावर टाकलेल्या अनेक साध्या बॉम्बना ते जमले नव्हते. भिलाईच्या श्रोत्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. एवढ्या वेगाने जमिनीवर आदळून न फुटता आत शिरणारे कवच ओतणे, हा आधी पोलादाचा प्रश्न आहे आणि मग स्फोटकाचा.

आता तिसरा प्रश्न. येथून न फुटण्याची विद्या सुरू होते.

स्फोटके स्वभावाने सारखी नसतात. काही इतकी तापट असतात की थोडा धक्का किंवा ठिणगी त्यांना पुरते. काही इतकी थंड असतात की त्यांना जागे करायला दुसऱ्या स्फोटाचाच धक्का लागतो. बॉम्बच्या पोटात टनावारी भरायचे ते थंड स्वभावाचे. तापट द्रव्य चिमूटभर घ्यायचे, वेगळ्या डबीत ठेवायचे आणि शक्य तितक्या उशिरा बॉम्बला भेटवायचे, हा या शास्त्रातला पहिला नियम. तापट द्रव्य आणि त्याला चेतवणारी यंत्रणा ज्या भागात असते त्याला फ्यूज म्हणतात. घरातल्या विजेच्या फ्यूजशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धातील पुष्कळ बॉम्बच्या फ्यूजवर एक लहानसा पंखा असे. विमानात असेपर्यंत एक तार त्याला अडवून धरी. बॉम्ब सुटला की तार विमानाकडेच राही, पंखा वाऱ्याने फिरू लागे, आणि ठरावीक फेरे झाल्यावरच फ्यूज सज्ज होई. तोवर विमान दूर गेलेले असे. म्हणजे बॉम्ब सुटल्यानंतरही काही काळ मुका राहील, अशी तजवीज रचनेतच केलेली होती.

या तजविजीत करुणा आहे, पण ती एकाच बाजूची आहे, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. पंखा विमानातल्या माणसांना वाचवतो. खाली कोण आहे हे त्याला विचारता येत नाही. कोणत्याही रचनाकाराला तो प्रश्न आपल्या नकाशात बसवता आलेला नाही. तो माणसांनीच एकमेकांना विचारायचा असतो. पण आपल्या बाजूच्या माणसांना वाचवणारी ही विद्यासुद्धा बॉम्बच्या कवचात बंद करून भागत नाही. ती गोदामात, जहाजात आणि कचेरीतही पाळावी लागते. तशी ती पाळली नाही तर काय होते, हे मुंबईने पाहिले.

फोर्ट स्टिकिन हे सात हजार टनांवरचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघाले. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि स्फोटके होती. पाणतीर, सुरुंग, तोफगोळे होते. स्पिटफायर विमाने होती. आणि पेट्यांत बंद केलेल्या सोन्याच्या विटा होत्या. कराचीला काही माल उतरला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गासड्या चढवण्यात आल्या. त्यांच्याबरोबर तेलाची पिंपे, लाकूड आणि मोडलोखंडही आले. वऱ्हाड-खानदेशातल्या कोणत्याही जिनिंगच्या गड्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते, की कापसाची गासडी आतून धुमसते आणि बाहेरून दिसत नाही. ज्या मालखणात कापूस होता, त्याच खणात स्फोटकेही होती. युद्ध होते, घाई होती, जहाजे कमी होती. नियम कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही; ते बाजूला ठेवण्याला कारण मिळाले होते.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. स्फोटके तातडीने उतरवायला हवी होती. दोन दिवस उलटले तरी तो माल उतरला नव्हता. गोदीत स्फोटके आली आहेत अशी खूण देणारा लाल बावटाही जहाजावर फडकत नव्हता. १४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या मालखणातून धूर येताना दिसला. आग कापसात लागली होती. विडी-सिगारेटच्या ठिणगीने ती लागली असावी, असा कयास पुढे व्यक्त झाला. अग्निशामक दलाचे जवान आले आणि त्यांनी खणात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले, पण आगीचे मूळ हाती लागेना. जहाज गोदीबाहेर ओढून न्यावे की तिथेच बुडवावे, याचा निर्णय वेळेत झाला नाही. चार वाजायला दहा मिनिटे असताना जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा.

गोदीतील अनेक जहाजे बुडाली किंवा जळाली. चार हजार टनांच्या जलपद्म जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन गोदामाच्या छपरावर टेकला. कित्येक किलोमीटर दूरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. सिमल्याच्या भूकंपमापकाने धक्का नोंदवला. जळते कापसाचे बोळे आकाशातून वस्त्यांवर पडले आणि गोदीलगतचा भाग पेटला. सुमारे मैलभर अंतरावर एका पारशी गृहस्थाच्या घरात सोन्याची वीट छप्पर फोडून पडली. त्यांनी ती परत केली. मृतांचा अधिकृत आकडा सातशेहून अधिक आहे, आणि इतर अंदाज तेराशेपर्यंत जातात. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामावर असताना मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. गोदी साफ करायला सुमारे आठ हजार माणसांना सात महिने लागले, आणि सोन्याच्या विटा त्यानंतरही कित्येक वर्षे गाळातून निघत राहिल्या.

श्रोतेहो, त्या दिवशी मुंबईवर शत्रूचे एकही विमान आले नव्हते. लोकांना मात्र जपान्यांनी हल्ला केला असेच वाटले, कारण खरे सांगायला कोणी तयार नव्हते. सरकारने बातमी दाबून ठेवली. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगितली; आपल्या वृत्तपत्रांना सविस्तर छापण्याची मुभा मे महिन्यात मिळाली. चूक कोठे झाली हे जितक्या उशिरा कळते, तितकी ती पुन्हा होण्याची शक्यता वाढते. म्हणून न फुटण्याच्या विद्येत खरे सांगणे हाही एक नियम धरावा लागतो.

आज जगभर दारूगोळा साठवण्याचे जे नियम आहेत, त्यांचा गाभा दोन शब्दांत सांगता येईल: वेगळेपणा आणि अंतर. तापट माल थंड मालाबरोबर ठेवायचा नाही; पेट घेणारे आणि फुटणारे एकत्र ठेवायचे नाही. किती वजनाच्या स्फोटकापासून दुसरे गोदाम, रस्ता आणि वस्ती किती अंतरावर असावी, हे कोष्टकाने ठरते. एक कोठार गेले तरी शेजारचे जाऊ नये, म्हणून मधे मातीचे उंच बांध घालतात. रेल्वेतही ज्वालाग्राही आणि स्फोटक मालाच्या वाघिणी गाडीत कोठे जोडायच्या आणि त्यांच्या नि इंजिनाच्या मधे काय ठेवायचे, याचे नियम आहेत. चरोद्याच्या यार्डात आयुष्य काढलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना हे पाठ असेल.

स्वतंत्र भारतात ही विद्या रुजवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. १९५८ साली स्थापन झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने पुण्यात हवाई दलासाठी वेगवान विमानांना साजेसे, हवेचा अडथळा कमी करणारे बॉम्ब विकसित केले. पुण्यातच सुतारवाडीला उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आहे. धक्क्याने किंवा आगीने सहजी न फुटणारी स्फोटके शोधणे हा अशा प्रयोगशाळांच्या कामाचा भाग असतो. विमान जितके वेगवान तितका बॉम्बचा आकार सडसडीत लागतो, आणि बॉम्ब जितका शक्तिमान तितका तो स्वभावाने थंड असावा लागतो. शक्ती आणि संयम एकाच कवचात भरण्याची ही खटपट आजही संपलेली नाही.

तिला अजून किंमत मोजावी लागते. ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री पुलगावच्या भांडारातील एका कोठाराला आग लागली. ती पसरू नये म्हणून धावलेल्यांत दोन अधिकारी, सुरक्षा जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यांच्यामुळे इतर कोठारे वाचली. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. ही सारी माणसे आपल्याच लोहमार्गावरच्या गावांत काम करणारी, भाकरीचा डबा घेऊन पाळीवर निघालेली. भिलाई परिसरातील घरांना अशा सकाळी नव्या नाहीत. येथेही भोंगा वाजतो, माणूस पाळीवर जातो, आणि तो परत येईपर्यंत घरातले एक मन दाराशी असते. वितळलेल्या पोलादाखाली थोडासा ओलावा राहिला तर त्याची वाफ होऊन काय होते, हे येथील कामगाराला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

शिवाय बॉम्ब युद्धाबरोबर संपत नाहीत. टाकलेल्यांपैकी कित्येक फुटलेच नाहीत आणि मातीत पडून राहिले. ३ सप्टेंबर २०१७ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात असाच १.८ टनांचा ब्रिटिश बॉम्ब निकामी करण्यासाठी साठ हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलंडमधील श्विनोउइश्चे येथे जलमार्गाच्या तळाशी वॉलिसचा एक टॉलबॉय निकामी करताना फुटला. पाणबुडे आधीच दूर गेले होते म्हणून कोणी दुखावले नाही. ७५ वर्षे तो वाट पाहत होता. आणि २००४ साली परदेशांतून भारतात आलेल्या भंगारात तोफगोळे निघाले; दिल्लीजवळच्या साहिबाबादला पोलाद कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले. दुसऱ्याच कोणाच्या युद्धात न फुटलेला गोळा भट्टीच्या दाराशी येऊन फुटला. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले. पोलादाच्या गावाने ही घटना विसरू नये.

भिलाईचे पोलाद प्रामुख्याने जोडण्यासाठी वापरले गेले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्लीराजहराच्या खनिजातून येथे रूळ घडले आणि देशभर पसरले. संरक्षणातही या गावाचा हात आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी जे खास पोलाद लागले, ते पुरवणाऱ्या कारखान्यांत भिलाईही होती. देशाला शस्त्रे लागतात, आणि ती बनवणारे हात कुशल असावे लागतात. ते हात सावधही असले पाहिजेत, हे शिक्षणाचे काम आहे.

आता वॉलिसच्या हकीकतीचा शेवट. धरणांवरील हल्ल्यात जे ५३ तरुण मरण पावले, त्यांचे दुःख त्याने जन्मभर बाळगले. युद्धातील कामगिरीबद्दल सरकारने त्याला १०,००० पौंडांचे पारितोषिक दिले. ते सारे पैसे त्याने क्राइस्ट्स हॉस्पिटल नावाच्या शाळेला देऊन टाकले. ती त्याची स्वतःची शाळा होती. हवाई दलात कामी आलेल्यांच्या मुलांनी तिथे शिकावे, यासाठी त्यातून निधी उभा राहिला. म्योनेच्या पुरात बुडालेल्या मजुरांचे ऋण त्याने फिटत नाही. पण इतके प्रचंड बॉम्ब रचणाऱ्या माणसाला अखेर आपल्या कमाईची जागा एका शाळेत सापडली, ही गोष्ट हीरक महोत्सवाच्या प्रसंगी ध्यानात घेण्यासारखी आहे.

या शाळेतून साठ वर्षांत बाहेर पडलेल्यांपैकी कोणी रेल्वेत आहे, कोणी पोलाद कारखान्यात, कोणी सैन्यात, कोणी प्रयोगशाळेत, कोणी कचेरीत. यांपैकी प्रत्येकाच्या टेबलावर कधी ना कधी तो कागद येतो: घाई आहे, जागा कमी आहे, कापूस आणि दारूगोळा एकाच खणात जाऊ द्या, एवढ्यापुरते चालेल. त्या क्षणी 'चालणार नाही' असे म्हणणारा माणूस एखादी शाळाच घडवते. कराचीच्या धक्क्यावर १९४४ साली तसे ठामपणे म्हणणारा कोणी असता, तर मुंबईतील सातशेहून अधिक माणसे त्या संध्याकाळी घरी गेली असती.

शाळेत बाई आणि गुरुजी मुलांना रांगेत उभे राहायला लावतात, वही नीट ठेवायला सांगतात, प्रयोगशाळेत आम्लाची बाटली जागच्या जागी ठेवून घेतात. मुलांना तो जाच वाटतो. ही शिस्त कशासाठी होती, हे पुष्कळांना मोठेपणी, एखाद्या धोक्याच्या क्षणी उमजते.